परीक्षक चित्रकारच हवा का? कला महोत्सवातलं परीक्षक मंडळ आणि गुणांचं गणित

सावलीरेघ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. स्थानिक कला महोत्सवात परीक्षक म्हणून कुणाला बोलवावं, यावर इथल्या जाणकारांची मतं हवी आहेत. बोलायला सोपं जावं म्हणून एक आराखडा धरूया. साधारण १८० कलाकृती आणि पाच विभाग: जलरंग-तैलरंग, मुद्राचित्रण (ठशावरून छापलेली चित्रं), मातीकाम, धाग्याचं काम (विणकाम, भरतकाम) आणि मुलांची चित्रं. परीक्षक तीन, पाचही विभागांना तेच तिघं. निकाल त्याच दिवशी.

‘कलेतलं कळणारा’ म्हटलं की आधी चित्रकार आठवतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तिघंही चित्रकारच असतात. मग निकालानंतर मातीकामवाले म्हणतात, आमचं भांडं कुणी उचलूनसुद्धा पाहिलं नाही. भरतकामवाल्यांचीही तीच तक्रार. आयोजक म्हणतात, चांगलं काम कुणालाही कळतंच की!

कळतं का? परीक्षकाची पार्श्वभूमी नेमकी कुठे फरक पाडते आणि कुठे नाही? ‘परीक्षक निःपक्षपाती असावा’ छापाचे सुविचार नकोत. काय तपासतात, काय निसटतं, गुण कसे जुळवतात, ते लिहा.

गेरू

ज्याला नाही म्हणता येत नाही, तो परीक्षक होतो. संपला विषय.

फटकारा

चांगलं काम कुणालाही कळतं, हे अर्धसत्य आहे. मांडणी, तोल, छायाप्रकाश, नजर कुठून शिरते आणि कुठे थांबते, हे माध्यम कुठलंही असलं तरी कसलेल्या डोळ्याला दिसतं. पहिल्या चाळणीत, म्हणजे १८० मधून ५० काढताना, एवढं पुरतं. त्या फेरीला तिघंही चित्रकार असले तरी फार बिघडत नाही.

बिघडतं ते वरच्या पाचांत. तिथे मांडणी सगळ्यांचीच बरी असते आणि फरक उरतो कारागिरीचा. जलरंगाचंच बघा. पांढरं हे कागद कोरा राखून आणलंय की शेवटी अपारदर्शक पांढरा लावून, हे कागद उजेडाला तिरका धरला की कळतं. लावलेला पांढरा मंद, खडूसारखा दिसतो. राखलेल्या पांढऱ्यात कागदाचा पोत तसाच असतो. अपारदर्शक पांढरा चालेल की नाही हा नियमाचा भाग झाला, पण परीक्षकाला तो दिसायला तरी हवा. ओल्यात ओला रंग सोडून उमटलेली फुलकोबीसारखी कड मुद्दाम आणली आहे की रंग अर्धवट सुकलेला असताना चुकून पाणी पडलंय, हे जलरंगात हात बुडवलेल्यालाच कळतं. आयुष्यभर तैलरंगात काम केलेला चित्रकारसुद्धा इथे फसतो. तेव्हा ‘चित्रकार’ ही एक पार्श्वभूमी नव्हेच.

चाकावरचीमाती

फटकारा, +१. आता मातीकामाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथेच होतो. तो हेतूने होत नाही, हात न लावल्यामुळे होतो.

मातीचं काम बघायचा क्रम असा. आधी चहूबाजूंनी फिरून आकार. मग दोन्ही हातांनी उचलून वजन. कडेला किंवा कानाला धरून कधीही उचलायचं नाही. डोळ्यांनी वाटलेलं वजन आणि हाताला लागलेलं वजन जुळलं पाहिजे. बुडाशी जड लागलं तर खालची माती काढलेलीच नाही, म्हणजे भांडं चाकावरून उतरवलं आणि तसंच भाजलं. मग उलटं करून बूड बघायचं. बुडात इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली चीर असेल तर चाकावर तळ नीट दाबलेला नाही. भट्टीच्या फळीला चिकटलेली झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) घासून काढल्याच्या खुणाही तिथेच सापडतात. झिलईवर टाचणीएवढी भोकं आहेत का, हे शेवटी.

तिघं चित्रकार यातलं काय बघतात? पुढच्या बाजूचा रंग.

आणि अर्धवट माहिती असणारा तर त्याहून घातक. बोटाच्या पेराने टकटक करून बघायचं, बद्द आवाज आला की चीर आहे, एवढं कुणीतरी ऐकलेलं असतं. ते उच्च तापमानाला भाजलेल्या, काचेसारख्या घट्ट झालेल्या मातीला लागू पडतं. कमी तापमानाच्या लाल मातीचं भांडं धडधाकट असलं तरी बद्दच वाजतं. असा परीक्षक आला की लाल मातीचं प्रत्येक भांडं बाद!

कोपरा

परीक्षकांनाच टकटक करून बघायला हवं. बद्द आवाज आला तर दुसरा बोलवा.

(हलके घ्या.)

ठसा

मुद्राचित्रणाच्या वाटेला कुणी गेलं नाही म्हणून लिहिते. चित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ५/२० असं लिहिलेलं असतं. हे गुण नव्हेत! एकूण वीस प्रतींपैकी ही पाचवी, एवढाच त्याचा अर्थ. आधीच्या परीक्षकाने वीसपैकी पाच दिले असं समजू नये.

गंमत सोडा. या विभागातला खरा प्रश्न असतो की समोरचं काम हाताने काढलेला ठसा आहे की संगणकाच्या छपाईयंत्रातून आलेली प्रत. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून काढलेल्या ठशाला पत्र्याच्या कडेची दाबखूण असते. कागदावर बोट फिरवलं की चौकोनी खाच लागते. लाकडी ठोकळ्यावरून छापलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला कधीकधी घासल्याची चकाकी दिसते. दहा पट भिंगाखाली छपाईयंत्राची शाई बारीक ठिपक्यांच्या शिंतोड्यासारखी दिसते, ठशाची शाई सलग बसलेली असते.

हेच भिंग तैलरंगाच्या विभागातही न्या. कॅनव्हासवर चित्र छापून वर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली कामं येतात. चार फुटांवरून छान दिसतात. जवळून बघितलं की जेलच्या फटकाऱ्याची कड एकीकडे आणि खालच्या रंगाची कड भलतीकडे. खऱ्या फटकाऱ्यात रंग आणि उंचवटा एकत्रच संपतात. छपाईची पार्श्वभूमी असलेला परीक्षक हे अर्ध्या मिनिटात सांगतो. चित्रकार तीन फूट मागे उभा राहून ‘व्वा’ म्हणतो.

फटकारा

ठसाताई, चित्रकार जवळ जाऊनही बघतात हो! पण भिंगाचा मुद्दा मान्य. परीक्षकांच्या टेबलावर एक भिंग, एक छोटी विजेरी आणि स्वच्छ सुती हातमोजे ठेवायलाच हवेत.

चाकावरचीमाती

मातीकामाला हातमोजे नकोत, भांडं सटकतं. हात धुऊन, कोरडे करून उचला. अंगठ्या काढा.

उलटीबाजू

धाग्याच्या कामाचं एका ओळीत: उलटं करून बघा.

पण ‘मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ हवी’ हा नियम सरसकट लावू नका. काही टाक्यांत मागे धागा कमी जाणं हेच कौशल्य असतं, तर काहींत मागे धाग्यांचा थर साचणारच. बघायचं ते हे की धाग्याची टोकं गाठ मारून सोडलीत की टाक्याखाली दडपलीत, लांब उड्या मारून धागा ओढलाय का, आणि त्या ओढीने कापड चुणलंय का. विणकामात दोन्ही किनारी सरळ आहेत की मध्येच आत गेल्यात. किनार आत गेली म्हणजे बाण्याचा (आडव्या धाग्याचा) ताण चुकला. हे चौकटीत काच लावून आलं तर काहीच तपासता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या नियमातच लिहा: या विभागातली कामं काचेविना, मागची बाजू उघडी.

बघा, इथे परीक्षकाच्या पार्श्वभूमीआधी नियम लिहिणाऱ्याची पार्श्वभूमी आडवी येते.

आकडेमोड

सगळे पार्श्वभूमीवर बोलताहेत, गुणपत्रिकेवर कुणीच नाही. अहो, परीक्षक कितीही जाणकार आणा, बेरीज चुकीच्या पद्धतीने केलीत तर निकाल एकटाच माणूस ठरवतो. उदाहरण घ्या. कामं क, ख, ग. परीक्षक तीन, गुण दहापैकी.

पहिला: क ९, ख ४, ग ५
दुसरा: क ६.५, ख ७.५, ग ७
तिसरा: क ६.५, ख ७.५, ग ७

बेरीज केली तर क २२, ख १९, ग १९. क विजयी. पण तिघांपैकी दोघांनी क शेवटचं ठरवलंय! दोघांच्या मते ख पहिलं आहे. पहिला परीक्षक ४ ते ९ एवढ्या रुंद पट्ट्यात गुण देतो, बाकीचे दोघं ६.५ ते ७.५ मध्ये. त्यामुळे पहिल्याचं मत इतरांच्या पाचपट जड झालं.

गुणांऐवजी क्रमांकांची बेरीज करा. क: १+३+३ = ७. ख: ३+१+१ = ५. ग: २+२+२ = ६. कमी बेरीज जिंकते, म्हणजे ख.

कोपरा

ग बिचारा. तिघांच्याही मते दुसरा आणि बेरजेत ख च्या बरोबरीने तळाला. याला म्हणतात उत्तेजनार्थ.

बोरू

आकडेमोडराव, प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा केली तर? कडक परीक्षक आणि सढळ परीक्षक सारखे होतील ना?

आकडेमोड

नाही. करून बघा. पहिल्याची सरासरी ६, फरक +३, −२, −१. बाकी दोघांची सरासरी ७, फरक −०.५, +०.५, ०. बेरीज: क +२, ख −१, ग −१. अजूनही क च पहिला. सरासरी वजा करून कडकपणा जातो, पट्ट्याची रुंदी तशीच राहते. त्या फरकाला त्याच परीक्षकाच्या प्रमाण विचलनाने (त्याचे गुण सरासरीपासून किती पसरलेत, त्याचं माप) भागावं लागतं. पहिल्याचं विचलन २.१६, बाकीच्यांचं ०.४१. मग क −१.०६, ख +१.५२, ग −०.४६. आता ख वर आलं. तीन कामांवर हे करणं हास्यास्पद आहे, फक्त रीत दाखवली. एका विभागात किमान वीसेक कामं असतील तरच विचलनाला अर्थ.

चाकावरचीमाती

थांबा थांबा. गणित बरोबर असेल, पण यातून उलटाच घोळ होतोय.

समजा क, ख, ग ही मातीची भांडी आहेत. पहिला परीक्षक कुंभारकामातला, बाकी दोघं चित्रकार. पहिल्याने ख ला ४ दिले कारण बुडाला आरपार चीर आहे. क ला ९ दिले कारण तेवढ्या पातळ भिंतीचा तेवढा मोठा गोल चाकावर उभा राहतो कसा, हे त्याला माहीत आहे. चित्रकारांना यातलं काहीच दिसलं नाही. ज्याला माध्यम कळत नाही तो काय करतो? हात राखून सगळ्यांना सहा-सात देतो. त्याच्या साडेसहा आणि साडेसातमधला फरक हे मत नसतं, त्या क्षणी रंग आवडला एवढंच असतं.

आणि तुमचं सूत्र त्या एका गुणाच्या फरकाला ताणून पहिल्याच्या पाच गुणांच्या फरकाएवढं करतं. रुंद पट्टा हा दोषच आहे असं कुणी सांगितलं?

आकडेमोड

हे खरंच जड उत्तर आहे. मानलं.

सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे की तिघांनाही सारखंच कळतं. ते खोटं असेल तर सूत्र अडाणीपणालाही सारखं वजन देतं. आणि गुण नुसते बघून रुंद पट्टा माहितीचा की आक्रस्ताळेपणाचा, हे ओळखता येत नाही. त्यासाठी परीक्षकाची पार्श्वभूमीच बघावी लागते. म्हणजे फिरून मूळ विषयावर आलोच.

एक मात्र करता येतं. गुणपत्रिकेत ‘मत नाही’ असा रकाना ठेवा आणि तो वापरण्यात कमीपणा नाही, हे आधी सांगा. मग न कळणारा माणूस सात लिहीत नाही.

गेरू

परीक्षक आणि ‘मत नाही’? हा रकाना रिकामाच राहणार.

टिंब

तज्ज्ञावर सगळं सोडण्याचाही धोका इतिहासात नोंदलेला आहे. पॅरिसच्या सलोंचं (तिथल्या सरकारी कला प्रदर्शनाचं) परीक्षक मंडळ अकादमीच्या सदस्यांचं होतं, म्हणजे तज्ज्ञांचंच. १८६३ मध्ये त्यांनी इतकी चित्रं नाकारली की तक्रारी थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत गेल्या आणि नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवावं लागलं. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचं गवतावरच्या न्याहारीचं चित्र तिथेच लागलं. पुढच्या वर्षीपासून मंडळाचे तीन चतुर्थांश सदस्य आधी पदक मिळवलेल्या चित्रकारांनी निवडायचे ठरलं. पार्श्वभूमी बदलली, पण अभिरुची कितीशी? १८६५ ला मानेंचं ‘ऑलिंपिया’ स्वीकारलं, १८६६ ला ‘बासरीवाला पोरगा’ परत नाकारलं. पदकविजेत्यांनी निवडलेले लोक पदकाच्या साच्यातलंच उचलतात.

बोरू

मग परीक्षकच नकोत!

टिंब

तेही करून झालंय. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेने ‘परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत’ म्हणून प्रदर्शन भरवलं, वर्गणी भरेल त्याचं काम लागणार. मांडणी आडनावांच्या वर्णानुक्रमे. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने टोपणनावाने मुतारीचं भांडं पाठवलं आणि संचालक मंडळाने ते मांडू दिलं नाही. द्युशाँ स्वतः त्याच मंडळावर होता, त्याने राजीनामा दिला. परीक्षक नसले की संचालक परीक्षक होतात, एवढंच.

चाकावरचीमाती

तेही भाजलेल्या मातीचंच भांडं होतं, याची नोंद घ्यावी. मातीकामावर अन्याय तेव्हापासून.

कोपरा

🙏 दंडवत स्वीकारा.

पाटीपेन्सिल

मुलांच्या विभागाबद्दल लिहायचं राहिलंय. तिथे नामवंत चित्रकार हा बहुधा सगळ्यात चुकीचा परीक्षक.

सात ते नऊ वर्षांचं मूल जमिनीची एक सरळ रेघ ओढतं आणि सगळं त्या रेघेवर उभं करतं. घराची भिंत आणि घरातली माणसं एकाच वेळी दाखवतं, जणू भिंत काचेची आहे. बालकलेचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी या वयाच्या टप्प्याची हीच लक्षणं सांगितली आहेत. मोठ्यांच्या चित्रांची सवय असलेला परीक्षक याला ‘यथार्थदर्शनाची चूक’ म्हणतो आणि गुण कापतो. मग बक्षीस कुणाला? ज्याच्या चित्रात रस्ता अगदी शास्त्रशुद्ध क्षितिजाला मिळालाय त्याला. आठ वर्षांच्या मुलाने आपणहून तसं काढणं दुर्मीळ, बहुधा मोठ्यांचा हात असतो.

मोठ्यांचा हात ओळखायच्या खुणा आहेत. बाह्यरेषा एका दमात ओढलेली, ठाम, आणि आतला रंग मात्र कडेबाहेर जाणारा. माणसाचा चेहरा मुलाच्या पद्धतीचा, पण मागचं झाड सराईत. एकाच वर्गातून आलेल्या पाच चित्रांत तीच मांडणी, सूर्य त्याच कोपऱ्यात. कागद उलटा करून बघितला तर पेन्सिलीचा दाब मागे उमटतो. खोडलेल्या मुलाच्या रेघा आणि वर ओढलेली मोठ्याची रेघ वेगळी कळते.

या विभागाला प्राथमिक वर्गांना चित्रकला शिकवणारी व्यक्ती हवी, आणि वयोगट दोन-तीन वर्षांहून रुंद नको.

उलटीबाजू

पण कलाशिक्षक म्हटलं की आणखी एक अडचण. विद्यार्थी स्पर्धेत असतात.

बोरू

सही लपवा, काम झालं.

ठसा

नाही होत. सही झाकली तरी हात ओळखू येतो, छोट्या वर्तुळात तर शंभर टक्के. शिवाय प्राथमिक फेरी फोटोंवरून असेल तर फाईलच्या नावातच कलाकाराचं नाव असतं, आणि ते बदललं तरी फोटोच्या आतल्या माहितीत कॅमेरेवाल्याचं नाव राहू शकतं. फाईलींना क्रमांक द्या आणि ती आतली माहिती पुसून मगच पाठवा.

नातं जाहीर करण्याचा कागदच हवा. परीक्षकाने लिहून द्यायचं: नातेवाईक, सध्याचे विद्यार्थी, एकत्र प्रदर्शन केलेले, ज्यांचं काम विकत घेतलंय किंवा विकायला ठेवलंय. गेल्या तीन वर्षांतलं. त्या कामापुरते गुण द्यायचे नाहीत आणि चर्चेच्या वेळी बाहेर.

आकडेमोड

आणि इथेच नेहमीचा अपघात. एकाने गुण दिले नाहीत, दोघांनी ८-८ दिले, बेरीज १६. बाजूच्या कामाला तिघांनी ७-७-७, बेरीज २१. चांगलं काम खाली! सरासरी घ्या: ८ विरुद्ध ७. तक्त्यात त्या घरात शून्य भरू नका, रिकामं सोडा. सरासरीचं सूत्र रिकामं घर वगळतं, शून्य धरतं.

यातही मेख आहे. बाहेर गेलेला परीक्षक सगळ्यांत कडक असेल तर त्याच्या विद्यार्थ्याचा फायदाच होतो, कारण त्याचे कमी गुण सरासरीत येतच नाहीत. म्हणून अशी कामं पहिल्या तिनात आली तर राखीव चौथा परीक्षक ठेवा, त्याच विभागातला.

फटकारा

किंवा पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेसारखं करा: सात परीक्षक, वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून टाकायचे, मधले तीन धरायचे.

आकडेमोड

तीन परीक्षकांत वरचा-खालचा काढलात तर एकच उरतो, दादा. आणि काढलेला गुण मातीवाल्या जाणकाराचा असला की पुन्हा चाकावरचीमाती येतील भांडायला.

चाकावरचीमाती

येणारच.

बोरू

कलादालन चालवणारे किंवा प्रायोजकाचा माणूस परीक्षक म्हणून कसे?

फटकारा

कलादालनवाला चौकट, आकार आणि ‘भिंतीवर कसं दिसेल’ हे बघतो, ते नैसर्गिक आहे. त्याला मांडणीच्या निवडीत घ्या, तिथे त्याचा डोळा तयार असतो. आणि टिकाऊपणा त्याला कळतो, तो मुद्दा चित्रकारही विसरतात: तैलरंगावर ॲक्रिलिक चढवलंय का (ते पुढे सुटून येतं), उडून जाणारे गुलाबी-किरमिजी रंग वापरलेत का, मागे साधी चिकटपट्टी लावलीय का. प्रायोजकाला बक्षीस द्यायला बोलवा, ठरवायला नको.

समीक्षक किंवा कला-इतिहासवाला मात्र एक हवाच. कुठली शैली उसनी आहे ते तोच सांगतो. फक्त त्याच्या हाती कलाकाराचं निवेदन आधी देऊ नका, नाहीतर तो चित्राऐवजी निवेदनाला गुण देतो.

टिंब

सहमत. बघण्याचा क्रमही महत्त्वाचा. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही निकाल अभ्यासल्यावर उशिरा वाजवणाऱ्यांकडे झुकलेले आढळले. नावाजलेल्या परीक्षकांचं हे होतं, तर आपलं काय! सोपा उपाय म्हणजे प्रत्येक परीक्षकाने वेगळ्या कामापासून सुरुवात करायची. एकाने १ पासून, दुसऱ्याने ६१ पासून, तिसऱ्याने १२१ पासून. तिघं एकत्र फिरत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठाच्या भुवया बघून गुण देणंही टळतं.

उलटीबाजू

+१ त्या भुवयांना.

पाटीपेन्सिल

अवांतर: रंगांधळेपणाचं कुणीच विचारत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो, स्त्रियांत हे प्रमाण फारच कमी.

फटकारा

तो परीक्षक छायाप्रकाशाला उत्तम. खरंच सांगतो, चेष्टा नाही. पण आधी दिव्यांचं बघा. पिवळ्या दिव्याखाली निळे-जांभळे मेलेले दिसतात, मग रंग कळणारा परीक्षकही आंधळाच. ५००० केल्विनच्या आसपासचे (दिवसाच्या उजेडासारखे पांढरे), रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेले दिवे लावा, आणि सगळ्या कामांना सारखे.

सावलीरेघ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. वाचून आराखडा बदलला. बघा पटतोय का.

पाचही विभागांना तेच तिघं, हे रद्द. दोन परीक्षक सर्व विभागांना समान: एक चित्रकार (जलरंगाची सवय असलेला) आणि एक कला-इतिहासाची जाणकार. तिसरा प्रत्येक विभागाचा आपला: मुद्राचित्रणाला छपाईतला, मातीला मातीतला, धाग्याला विणकर, मुलांना प्राथमिकचे शिक्षक, रंगांना तैलरंगवाला. एकूण सात माणसं, पण विभागीय पाच जण दोन तासांत मोकळे.

पहिली फेरी समान परीक्षकांची: हो किंवा नाही, एका कामाला २० सेकंद, म्हणजे १८० कामांना तासभर. विभागीय परीक्षकाला एकट्याला पाच ‘नाही’ परत आत घेता येतील. दुसरी फेरी ४५ कामं, प्रत्येकी दोन मिनिटं, दीड तास, हातात घेऊन. क्रम लावायचे, गुण नाहीत. शेवटच्या १५ वर तासभर चर्चा, आणि विभागीय परीक्षकाने आधी तांत्रिक दोष वाचून दाखवायचे.

आकडेमोड

पाच ‘नाही’ परत घेण्याची सोय उत्तम, सूत्रापेक्षा बरी. पण प्रत्येक विभागाला पाच, की एकूण पाच? प्रत्येकी पाच म्हटलं तर ४५ चे ७० होतील, दीड तासाचे दोन तास वीस मिनिटं. प्रत्येकी दोन ठेवा.

चाकावरचीमाती

मातीला तीन.

उलटीबाजू

मग धाग्यालाही तीन.

सावलीरेघ (धागाकर्ती)

सगळ्यांना दोन. 🙂 राहिला एक प्रश्न: परीक्षकांची नावं आधी जाहीर करावीत का?

ठसा

नावं आधी दिलीत तर लोक परीक्षक बघून रंगवतात. अमूर्तवाला आला म्हटलं की निम्मी चित्रं अमूर्त. अगदी लपवलंत तर शंका. पार्श्वभूमी आधी जाहीर करा: ‘या विभागात एक मुद्राचित्रकार, एक चित्रकार, एक कला-इतिहास अभ्यासक’. नावं प्रवेश बंद झाल्यावर. नातं जाहीर करण्याचा कागदही तेव्हाच भरून घ्या, कारण स्पर्धकांची यादी असल्याशिवाय तो भरताच येत नाही.

गेरू

आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या कुठे लावणार? चित्राच्या मागे कागदावर चिकटवू नका, काढताना कागद सोलतो. चौकटीच्या मागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात.

उलटीबाजू

धाग्याच्या कामाला चिकटवूच नका. दोऱ्याने बांधा, सेफ्टी पिनही नको, गंज लागतो.

चाकावरचीमाती

मातीच्या कामाला भांड्याखालच्या फळीवर. भांड्यावर नको. आणि भांडं बघून झाल्यावर त्याच फळीवर परत ठेवा, नाहीतर बक्षीस शेजारच्याला.

कोपरा

शेवटी गेरूने काहीतरी कामाचं लिहिलं. आता यांनाच परीक्षक करा.

गेरू

नाही म्हणता येतं मला.